डबी भरलेलीच परत यायची

ज्यांना डॉक्टरांनी ‘आजपासून कॉफी बंद’ असं सांगितलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही, फक्त वाचताना हातात कप घेऊन बसू नये. मला अजून त्रास होतो.

मी सोलापूरच्या एका चादरींच्या कारखान्याचा फिरता विक्रेता. राहायला शुक्रवार पेठेत, पण महिन्यातले निम्मे दिवस एसटीत. नमुन्याच्या चादरींचं गाठोडं टपावर आणि मी खाली. इंडी, विजापूर, बागलकोट, गुलबर्गा हा माझा मुलूख. म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं त्याला तेव्हा थोडेच दिवस झाले होते, कंडक्टर अजून विसरायचे. घरात आम्ही मराठी आणि कानडी दोन्ही बोलतो, त्यामुळे तिकडच्या दुकानदारांना मी घरचाच वाटायचो.

आणि तिथंच घात झाला.

आमच्या धंद्यात ऑर्डर दुकानात ठरत नाही. दुकानदार तुम्हाला घरी नेतो, सोप्यावर बसवतो, आतून कप येतो, आणि तो रिकामा झाल्यावरच चादरींची गोष्ट निघते. कप नाकारला तर समोरचा म्हणणार, ह्याला आमच्या घरचं चालत नाही वाटतं. मग तोंडावर गोड बोलतो आणि ऑर्डर पुढच्या महिन्यावर टाकतो. मला चहा कधी आवडला नाही. त्यामुळे त्या सगळ्या मुलखात माझं नावच पडलं होतं, काफीवाले सोलापूरकर. मी दिसलो की दुकानदार आत निरोप धाडायचा आणि आत भांडी वाजायला लागायची.

निदान

सुरुवातीला छातीत फडफड व्हायची. मी म्हटलं, गॅस. सगळेच म्हणतात. मग एकदा जिना चढताना डोळ्यांपुढे काळोखी आली आणि बायको, शांता, मला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर आमचे जुनेच, बोलायला तिखट. त्यांनी कार्डिओग्राम काढायला पाठवलं. कागदाची ती लांब पट्टी हातात धरून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. डॉक्टर गप्प बसला की पेशंटने काय करायचं असतं, हे कुणी शिकवत नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बाळाकडे बघत बसलो. बाळ हसत होतं. मला त्याचाही राग आला.

“ठोके चुकतायत,” डॉक्टर म्हणाले. “दिवसाला कॉफी किती होते?”

मी बोटांवर मोजायला लागलो. दुसरा हात वर आला तेव्हा ते म्हणाले, “पुरे.”

मग त्यांनी सरळ सांगितलं. कॉफी बंद, चहा बंद. गोळ्या चालू. तरी असंच चाललं तर फिरती बंद करावी लागेल, आणि तेही ऐकलं नाही तर एखाद्या स्टँडवर पडाल आणि उठणार नाही. शांताचा चेहरा पांढरा पडला. माझ्या डोक्यात मात्र पहिला विचार आला तो असा, की आता इंडीला गेल्यावर मी पिऊ काय? भीती नंतर आली. घरी पोचल्यावर चपला काढताना आली, आणि मी तसाच उंबऱ्यावर बसून राहिलो.

पूड

डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं होतं, परदेशात एक कॉफी मिळते म्हणे, तिच्यातलं उत्तेजक द्रव्य काढून टाकलेलं असतं. डीकॅफ म्हणतात. प्रवासात नेता येते, गरम पाण्यात घातली की झालं. ते बोलायचं म्हणून बोलले असतील, पण माझे साडू कामाला लागले. त्यांच्या ओळखीचं कुणी परदेशातून यायचं होतं. मोठ्या थाटात बाटली आली. साडूंनी ती हार घालावा तशी माझ्या हातात दिली. डॉक्टरांना दाखवली तर ते म्हणाले, “ही साधी कॉफी आहे. आणि चांगली कडक आहे.” साडूंचं म्हणणं पडलं, फॉरेनची आहे म्हणजे तब्येतीला चांगलीच असणार. बाटली ते परत घेऊन गेले आणि स्वतःच संपवली.

शेवटी शांताने हातात घेतलं. कॉफी दळून देणाऱ्या दुकानातून ती नुसती चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड, घेऊन आली. दुकानदाराने दोनदा विचारलं, “नुसती? कॉफी नको?” तिने गहू काळपट होईपर्यंत भाजले, खजुराच्या बिया भाजून खलबत्त्यात कुटल्या. त्या बिया फुटता फुटत नाहीत. सगळी गल्ली विचारायला आली की चाललंय तरी काय. मग सगळं एकत्र करून वस्त्रगाळ केलं आणि फिरकीच्या झाकणाच्या एका पितळी डबीत भरलं. डबीवर मधोमध ठोकून उठवलेला वेलबुट्टीचा पट्टा होता, तो आतूनही दिसायचा. खिशात मावायची, गळायची नाही, उघडायची नाही.

“जिथं जाल तितं ही आत द्यायची,” शांता म्हणाली. “म्हनायचं, एक चमचा घाला, दूध-गूळ घाला आन द्या. कप बी घेतला, पथ्य बी पाळलं.”

कल्पना चांगली होती. पूड वाईट होती. रंग बरोबर, वास जवळपास, पण चव म्हणजे करपलेल्या खिचडीचं पाणी. पहिला घोट घेतला तेव्हा ती समोर उभी होती. मी म्हटलं, “छान.” ती म्हणाली, “तोंड बघा आरशात.”

बाहेरची चव

दौऱ्यावर मी सांगितल्याप्रमाणे केलं. इंडीला आमचे जुने गिऱ्हाईक, त्यांच्या पत्नी गौरम्मा. माहेर चिकमगळूरकडचं, तिकडे परसातच कॉफीची झाडं. त्या बाईच्या हातच्या कॉफीसाठी मी एकेकाळी वाकडी वाट करून जायचो. मी डबी काढली, छातीला हात लावून सगळी हकिगत सांगितली. गौरम्मांनी डोळ्यांना पदर लावला, डबी दोन्ही हातांनी घेतली आणि आत गेल्या. थोड्या वेळाने कप आला. “कुडीरी, अण्णा,” म्हणाल्या. प्यालो.

काय सांगू. तीच पूड, पण काय चव!

तुम्ही म्हणाल, एवढा कॉफीबाज माणूस, तुला कळलं नाही? मला एवढंच कळलं की दूध म्हशीचं आहे, गूळ चांगला आहे आणि करणाऱ्या हाताला गुण आहे. पुढे विजापुरात तेच, बागलकोटात तेच. प्रत्येक घरी डबी आत जायची, कप बाहेर यायचा, आणि निघताना डबी पुसून लखलखीत करून परत मिळायची. मी खुशीत घरी आलो आणि शांताला सांगितलं, “तुझ्याच पुडीचं गौरम्मा काय करते बघ एकदा. तुला जमत नाही ते.”

तिने डबी उघडली, आत बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं.

“ही हाय तशीच हाय की.”

“थोडी थोडी घालत असतील.”

“पट्ट्याच्या वर भरली व्हती. अजून पट्ट्याच्या वरच हाय. तुमी तितं खरी काफी पिताय.”

“मी डबी देतो गं आत!”

“आन छातीत फडफड व्हती ती?”

फडफड होत होती. नाही कशाला म्हणू? दौऱ्यावर असलो की हृदय पिंजऱ्यातल्या पाखरासारखं करायचं, आणि घरी आठवडाभर राहिलो की शांत व्हायचं. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. माझ्याकडे बघून ते म्हणाले, “तुम्ही मला सगळं सांगताय ना?” त्या ‘ना’चा मला इतका संताप आला की मी घरी जेवलो नाही.

आजारी माणसावर लोक दया करतात असा माझा समज होता. चूक. आजारी माणसाची लोक उलटतपासणी करतात. साडू आले, म्हणाले, “थोडी प्यालात तर सांगून टाका, आम्ही काय परके आहोत?” शेजारचे म्हणाले, “सवय सुटत नसते हो, आमचे मामा तंबाखू अशीच लपवायचे.” ज्याने आयुष्यात एवढी एकच गोष्ट प्रामाणिकपणे पाळली, त्याला सगळी पेठ चोर ठरवत होती. मला बरं व्हायचं होतंच. पण त्याआधी मला खरं ठरायचं होतं.

मी शांताला सरळ सिद्धेश्वराच्या देवळात घेऊन गेलो. गाभाऱ्यासमोर उभा राहून म्हणालो, “डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी खऱ्या कॉफीचा एक थेंब तोंडात घातला असेल, तर मला इथंच...” तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. परत येताना तळ्याच्या कडेने ती बरीच हलकी होऊन चालत होती. तिचा विश्वास बसला होता.

पुढच्याच दौऱ्यात मी विजापूरच्या स्टँडवर कोसळलो.

वॉर्डात

एका दुकानदाराने जीपमध्ये घालून सोलापूरला आणलं. हॉस्पिटलचे दिवस सगळ्यांचे सारखेच असतात. पहाटे थर्मामीटर, मग झाडू, मग डॉक्टरांची फेरी, मग दिवसभर पंख्याकडे बघणं. मी सगळा वेळ एका हाताने दुसऱ्या हाताची नाडी धरून पडायचो. एक ठोका चुकला की घाम, दोन चुकले की शांताकडे बघायचो. खोटं कशाला सांगू, मी फार घाबरलो होतो. मुलगी दहावीला होती. तिचा चेहरा आठवला की रडू यायचं, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला कळू नये म्हणून मी खोकायचो.

शेजारच्या खाटेवर एक तेलुगू विणकर होते. त्यांची बायको रोज सकाळी थर्मासमधून कॉफी आणायची. झाकण उघडलं की मी भिंतीकडे तोंड करायचो. त्यांनी ते दोन दिवस पाहिलं असावं. मग बायकोला तेलुगूत काहीतरी म्हणाले, आणि त्यानंतर ती बाई थर्मास बाहेर जिन्यातच उघडून कप भरून, वर बशी झाकून आणायची. आम्हा दोघांचं फार बोलणं झालं नाही. पण त्या दिवसांतली चांगली गोष्ट कोणती म्हणाल तर ती बशी.

भेटायला येणाऱ्यांबद्दल न लिहिलेलंच बरं. एकाने तर खाटेवर बसून, त्याच्या ओळखीत कोणकोण असंच गेलं ते सविस्तर सांगितलं आणि माझ्यासाठी आणलेली मोसंबी सोलून खाल्ली.

वॉर्डात माझं हृदय घड्याळासारखं चाललं. मला वाटलं, सुटलो. डॉक्टर मात्र हात मागे बांधून उभे राहिले. “बघा. इथं आमची नजर आहे, तर सगळं ठीक. म्हणजे बाहेर काय चालतं ते मला कळलंय. आता पुन्हा असं झालं तर फिरती कायमची बंद. मी स्वतः तुमच्या मालकांना कळवीन.”

मी शांताकडे बघितलं. वाटलं, ती म्हणेल, नाही हो, ह्यांनी देवापुढे शपथ घेतलीय. ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर तिने सोमवार धरले. आमच्याकडे सोमवार तसे असतातच, पण हे भलतेच कडक. दिवसभर अन्न नाही, पाणीसुद्धा दिवेलागणीनंतर. चार पावलं चालली की भिंतीला हात लावायची. मी म्हटलं, “माझ्या तब्येतीसाठी एवढं नको करू.” ती म्हणाली, “तब्येतीसाठी न्हाय.” मग कशासाठी? “हाय एक कारण.” मी चिडलो. घरात आधीच एक आजारी माणूस होता, दुसरा कशाला?

गौरम्मांचं स्वयंपाकघर

पुन्हा दौरा निघाला तेव्हा शांता म्हणाली, “म्या बी येनार.” पहारा ठेवायला येणार होती, हे तिने लपवलं नाही. सोमवार होता. तिचा उपास, माझी डबी, आणि एसटीत इंडीपर्यंत दोघांत अवाक्षर नाही.

गौरम्मांना कोण आनंद झाला. “बर्री, बर्री, अक्का!” म्हणत त्या शांताला हाताला धरून आत घेऊन गेल्या. डबीही आत गेली. एवढ्या वर्षांत त्या घराच्या स्वयंपाकघरात माझ्याकडचं कुणी पहिल्यांदाच शिरत होतं. मी आपला नेहमीसारखा सोप्यावर. दुकानदार चादरीच्या किनारी चाचपत होते.

आतून आधी भांडी वाजली. मग बोलणं थांबलं. मग शांताचा आवाज आला, “थांबा, थांबा! हे काय घालताय?”

शांता बाहेर आली. एका हातात कप, दुसऱ्या हातात बंद डबी. मागून गौरम्मा पदराला हात पुसत.

“विचारा,” शांता मला म्हणाली. “विचारा ह्यांना, तुमची डबी कुटं व्हती ते.”

“कुटं म्हंजे? देवापुढं,” गौरम्मा म्हणाल्या. “दर वेळी देवापुढं ठेवते. पाव्हण्याची वस्तू हाय, कुनाचा हात लागू नये.”

“आणि कपात?” मी विचारलं.

“कपात आमची काफी. माहेरची.” त्यांना प्रश्नच कळत नव्हता. “अण्णा, तुमी सोलापूरवरनं माज्या दारात येनार, आन म्या तुमाला तुमचीच पूड पाजू? पाव्हण्यानं आपलं आपन आनून प्यायचं? मग घर कशाला हाय माजं?”

“अहो, पण मी सांगितलं होतं, छातीचं...”

“सांगितलं की. तवा म्हनलं, बिचारा आजारी हाय, जरा घट्ट करावी. अंगाला लागंल.”

जरा घट्ट! मी डोक्याला हात लावला.

“आणि विजापूरला? बागलकोटला?”

“समद्या तसंच करतात की. परवा लग्नात भेटलो तवा बोलनं झालं. कोन पाव्हण्याची पूड वापरंल?”

म्हणजे माझा सगळा मुलूख, सगळी प्रेमळ माणसं, एकमताने आणि डोळ्यांना पदर लावून मला मारत होती. संताप करायचा तर कुणावर? मी सांगितलं, मी ह्याच कॉफीने स्टँडवर पडलो होतो, हॉस्पिटलात होतो. ऐकता ऐकता गौरम्मा जमिनीवर बसल्या आणि मोठ्याने रडायला लागल्या. मग त्यांचीच समजूत काढायची पाळी माझ्यावर आली. आजारी मी होतो, हे मला मधूनमधून स्वतःला सांगावं लागायचं.

रडं थांबलं तरी त्यांची अडचण तिथंच होती. “पन पाव्हण्याची पूड म्या कशी घालू?” डोळे पुसत त्या पुन्हा तेच म्हणाल्या. मी हात टेकले.

शांताने मात्र विचार केला. तिने आपल्या पिशवीतून पूड बांधलेली एक जादा पुडी काढली, गौरम्मांना उभं केलं, कुंकू लावलं, आणि नारळ, खण आणि ती पुडी त्यांच्या ओटीत घातली.

“ही माज्याकडनं तुमाला,” ती म्हणाली. “आता ही तुमच्या घरची झाली. आता पाव्हण्याला पाजा.”

गौरम्मांनी ओटीकडे बघितलं. पदर सावरत आत गेल्या. त्यांनी स्वतःच्या डब्यात ती पूड ओतल्याचा आवाज मला सोप्यावर आला. मग कप आला. करपलेल्या खिचडीचं पाणी. समोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, “आमच्या घरची हाय, अण्णा. सगळी प्यायची.” मी सगळी प्यालो.

तुम्हाला पथ्य पाळून फिरायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. आपलं खाणंपिणं आपल्या हाताने यजमानाकडे देऊ नका. ते आधी त्यांना भेट द्या, आणि मग त्यांच्याकडून मागून घ्या. त्या दौऱ्यात आम्ही प्रत्येक गावी तसंच केलं, आणि पुढे मी निघायच्या आधीच शांताच्या पुड्या जायला लागल्या. डॉक्टरांना सगळं सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांचाच ठोका चुकतोय की काय असं वाटलं. माझे आता बरेचसे नीट पडतात. वैताग एवढाच, की ती पूड आता सगळ्या मुलखात आवडीची झाली आहे आणि प्रत्येक घरी मला दुसरा कप घ्यावा लागतो.

पण मला सांगायचंय ते त्या सोमवारचं. गौरम्मांनी शांताला जेवायचा फार आग्रह केला. ती उपास आहे म्हणाली, तेव्हा त्यांनी वाटेत असू दे म्हणून फडक्यात भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली.

पुढच्या गावाच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. ऊन चांगलं चढलं होतं. बराच वेळ ती फडक्याची गाठ नुसती चाचपत होती.

“हे सोमवार कशाला धरले व्हते, सांगू?” ती म्हणाली.

“सांग.”

“तुमी सिद्धेश्वरापुढं खोटी शपथ घेतली, असं वाटलं मला. म्हनलं, त्येचं पाप तुमच्या छातीवर बसाया नको. म्हनून मी फेडत व्हते.”

एवढे दिवस तिने मला खोटं समजावं ह्याचा मला राग होता. आणि तेवढे सगळे दिवस ती पाण्यावाचून बसून, मी न केलेलं पाप फेडत होती.

तिने गाठ सोडली. भाकरी मोडली, चटणी लावली, आणि भर उन्हात, सोमवारी, माझ्या डोळ्यांदेखत पहिला घास खाल्ला.